दोन पॉइंट चार

शर्वरीचा फोन आला होसूरहून, सकाळी सव्वासातला:
पप्पा, कॅमेरा लाईव्ह दाखवेना झालाय.
कालचं दिसतंय, परवाचं दिसतंय,
दूधवाला येऊन गेलेला दिसतोय,
आत्ताचं तेवढं नुसतं गोल गोल फिरतंय.

आत्ताचं मी सांगतो की, म्हणालो.
फाटक लावलंय. चौगुल्यांचं मांजर
माझ्या गाडीच्या सीटवर बसलंय.
तुझी आई अजून गडहिंग्लजलाच.
ती म्हणाली, तसं नव्हे ओ पप्पा.

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलोय मी.
बेअरिंग गेलं की मशीन सांगतं,
बेल्ट ढिला झाला की सांगतं,
टूल बोथट झालं तर किंचाळतंच.
हेडस्टॉकवर तळवा ठेवला
की कुठं दुखतंय ते कळतं.
आणि हा पांढरा डबा, सुपारीएवढा डोळा,
ह्याच्यावर तळवा ठेवला तर नुसता कोमट.
आजारी माणूस कोमट असतो.
बरा माणूस पण कोमटच असतो.

तिनं सांगितलं तसं केलं.
अ‍ॅडॉप्टर काढून परत लावला.
राउटर बंद केला, दम खाल्ला, चालू केला.
लेन्सवरचं कोळ्याचं जाळं पुसलं
(त्यानं काय होणार नव्हतं, माझं आपलं समाधान).
अ‍ॅप काढलं, अ‍ॅप घातलं,
पासवर्ड चुकला, परत चुकला,
लाल दिवा लुकलुकतोय तो लुकलुकतोयच,
पंचगंगेच्या पल्याड कुणी बॅटरी मारत असल्यागत.

दुपारी सोहेल मुजावर आला.
परवा त्यानंच नवा राउटर बसवलेला.
बघितलं आणि हसला.
काका, हा नवा पाचवर बोलतोय,
तुमच्या कॅमेऱ्याला पाच ऐकूच येत नाही.
जुनं मॉडेल. त्याला दोन पॉइंट चारच कळतं.
बिघडलाय कुठं तो?
ह्यो हाका मारतोय वरच्या पट्टीत
आणि त्याला वाटतंय, घरात कोण नाहीच.

हां, म्हणालो.
आणि जरा पायरीवर बसलो.

दोन वर्षं झाली.
आधी कुकरची शिट्टी गेली,
मग मोबाईलची रिंग, मग चिमण्या.
(चिमण्या कमी झाल्यात असं सगळेच म्हणतात,
म्हणून मी पण म्हणालो.)
बायकापोरींची बोलणी कडेकडेनं झिजत गेली,
आटे गेलेल्या बोल्टागत, फिरतात पण धरत नाहीत.
खालचे आवाज येतात अजून:
ट्रक, उसाची ट्रॉली, शेजारच्या मिस्त्रीचा खोकला.
सुमनला सांगितलं नाही. शर्वरीला तर नाहीच.
फोन उजव्या कानाला घट्ट,
आवाज शेवटच्या कांडीपर्यंत.

सोहेलनं राउटरमध्ये दोन वाटा वेगळ्या केल्या.
मी शिडीवर चढलो, बारीक भोकात पिन घातली,
दहा मोजले.
दिवा निळा झाला. टिकला.

पुढचं मला नंतर कळलं.
तिच्या मोबाईलवर आधी माझा चष्मा आला, मग नाकपुडी,
मग दाढीचे पांढरे खुंट.
ती कॅमेऱ्यातून बोलली: पप्पा, दिसतंय!
पप्पा, शिडी हलतेय, उतरा.
पप्पा.
माझ्या कानापासून वीतभर.
मी लेन्स पुसत होतो.
शेवटी आक्काताई चौगुल्यांनी खालनं हात केला:
अहो, पोरगी बोलतेय तुमची.

रात्री फोन.
पप्पा, तुम्हाला ऐकू आलं नाही?
नेट स्लो असेल, म्हणालो.
नेट स्लो नव्हतं.
बराच वेळ दोन्हीकडं नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

मग ती बोलली, सावकाश,
लहानपणी आजोबांची नक्कल करायची
त्या घोगऱ्या, खालच्या आवाजात:
जेवलात काय?

तिला कसं कळलं, विचारलं नाही.
शब्दन् शब्द आला.

आमटी केलीय, म्हणालो.
तिखट पडलंय जरा जास्त.