मागघर

पाच दारं फिरून ती आली होती,
सहावं माझं.
एकाला मांसमच्छी नको, एकीला एकटी पोरगी नको,
तिसरा डोक्यावरचा रुमाल बघितला
आणि खोली कालच गेली म्हणाला.
हे सगळं रिक्षावाला सायबण्णा सांगितला मला,
दारातच, तिच्यादेखत,
तिला कळत नाही म्हणून आणखी मोठ्यानं.

मलेशियाची. डॉक्टरकी शिकायला आलेली.
नाव नूर फरहाना.
एक बॅग, भात शिजवायचं विजेचं भांडं,
आणि फोन पुढं धरलेला,
वाऱ्यात निरांजन धरावं तसा.

तिच्या फोनला कुणी सांगून ठेवलेलं,
या गावात कन्नडच.
फोन बोलला, बाडिगे एष्टु?
खणखणीत, धारवाडच्या मास्तरासारखा.
मला येतं ते बाजारातलं कन्नड.
सुताचा भाव, उधारी, उद्या ये.
म्हटलो, ऐदु साविर.
फोन तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटला,
ती मान हलवली.
माझ्याच ओसरीवर उभं राहून
आम्ही दोघं
तिसऱ्याच्या घरात बोलल्यागत बोललो.

खोली म्हणजे मागघर.
एकेचाळीस वर्षं मी तिथं
कमरेपर्यंत जमिनीत बसलो.
माग गेला गेल्या दिवाळीआधी, लाकडाच्या भावात.
वखारवाला फणीसुद्धा सोडला नाही.
खड्डा बुजवलो, वर शहाबादी घातलो,
भिंतीला पिस्ता रंग. कलावतीची निवड.

ती चप्पल काढून आत गेली.
हे कलावती बघितली, आणि मी कलावतीकडे.
नळ सोडली. कोरडा.
वारक्के ओम्मे, आठवड्याला एकदा, सांगितलो फोनला.
ती बोटं मोजली, परत मोजली.
मग खोलीच्या मधोमध टाच आपटली हळूच.
तिथली फरशी पोकळ वाजते.
माती अजून बसली नाही.

खाली काय आहे, फोन विचारला.
खड्ड्याला गुंडी म्हणतात, एवढं येतं मला.
पण ज्यात पाय सोडून
माणूस पोरांची लग्नं करतो, तो खड्डा,
त्याला काय म्हणायचं?
मी स्टुलावर बसून हवेत पावड्या दाबलो,
डावी, उजवी, डावी,
धोटा फेकल्यागत हात फेकलो.
ती समजली नसेल. समजलीही असेल.
हसली नाही एवढं खरं.

भाड्याचा कागद कोर्टाजवळ केला, बाँडवर,
सगळा कन्नडात.
वाचून दाखवू काय, टायपिस्ट बाई विचारली.
नको, म्हटलो. चष्मा पुसलो, लावलो,
येतंय असं दाखवलो.
एकाहत्तर वर्षं वडगावात, याच गल्लीत.
जन्मलो तेव्हा राज्य दुसरं, घर हेच.
राज्य उठून गेलं,
मी मागावरनं उठलो नाही.

फरहाना त्या गोल गोल अक्षरांवरनं बोट फिरवत होती,
बाया साडीच्या काठावरनं फिरवतात तसं,
किंमत विचारायच्या आधी.
मग माझ्याकडे बघितली.
मीही त्याच ओळीवर होतो,
तेवढाच वेळ.

तिला कळलं.
फोन उचलून तीच बाईला म्हणाली,
ओदि हेळि.
वाचून सांगा.
आणि खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढली.

आता भातात ती मूठभर बारीक मासे टाकते.
वास कसला ओ, शेजारचा बसलिंग विचारला.
सुकट हाय की, म्हटलो. कधी बघितला नाहीस?

रात्री ती हाडांची नावं पाठ करत येरझाऱ्या घालते.
मधली फरशी वाजते. थांबते. वाजते.
कलावती अंधारात उठून बसली परवा,
माग कोण चालवालंय?
झोप, म्हटलो. पोरगी हाय.

बेस्तवारी पाणी सुटेल.
नळाखाली आमची घागर,
तिच्यामागं निळी बादली, नवी,
अजून किमतीचा कागद चिकटलेला.