तिचे

टेम्पोवर भोंगा बांधून ते आले
तेव्हा पथारीवर मिरची उलटवायची वेळ होती.
नंदुरबारचं ऊन माघातही दुपारी दात दाखवतं.
फलकावर शंखात झोपलेलं बाळ,
आणि भोंग्यात एक गोड आवाज:
देशाच्या घटनेत फक्त एक ओळ घालायची आहे,
एका अंगठ्याचं पुण्य, माताभगिनींनो,
मोजून एक.

शेठनी मला हाक मारली.
हजेरीबुक माझ्याकडे, शाईचा डबा माझ्याकडे,
चाळीस बायांत बारावी झालेली मी एकटी.
‘कौतिका, वाचून दाखव यांना.’

झेलाबाई पाडवी समोर बसली,
तोंडावरचं फडकं न सोडता.
तिला सात झाली, चार जगली,
आणि आठव्याच्या वेळी ती सिव्हिलला गेली होती.
रिक्षाचे साठ रुपये मी दिले,
हजेरीत खाडा मांडला नाही.
दुसऱ्या दिवशी ती पुन्हा देठं खुडत होती.
कुणी काही विचारलं नाही.
इथे ठसक्याने सगळ्याच डोळे पुसतात,
रडणं कुणाला ओळखू येत नाही.

कागदावर दोन ओळी होत्या, जुनी आणि नवी.
जुनी मी कधी वाचली नव्हती,
नागरिकशास्त्र आम्ही पर्यायाला टाकायचो.
कोणत्याही व्यक्तीस, तिचे जीवित...
मी थांबले.
तिचे.
ती व्यक्ती. त्या व्यक्ती.
म्हणजे शेठही ती,
भोंग्यातले महाराजही ती,
आणि चुकून, भाषेच्या एखाद्या जुन्या खोडीने,
झेलाबाईसुद्धा.

नवी ओळ:
गर्भधारणेच्या क्षणापासून प्रत्येक जीवास, त्याचे...

‘इथलं तिचे कुठे गेलं?’
समितीचा पोरगा वाकला. कपाळावर ओलं गंध.
‘ताई, ते नुसतं व्याकरण आहे.’

वाईट नव्हता तो.
आल्या आल्या आधी बायांना पाणी त्यानेच दिलं.
त्याच्या आईचं एक पोटातच गेलेलं,
त्याच्या आधीचं.
ती अजून संध्याकाळी दोन दिवे लावते म्हणाला,
एक देवाला, एक त्याला.
त्या दिव्याला मी खोटं म्हणणार नाही.

‘काय लिखेल शे व माय?’ झेलाबाईने विचारलं.
मी सांगितलं, जमेल तसं:
‘आते लिखेल शे तुन्हं.
मंग लिखतीन त्यान्हं.’
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, ‘मन्हं कोठे लिखेल व्हतं?
माले तं कोणीच सांगं नही.’

शेठ खुर्चीत होते. सव्वीस जणींनी अंगठे दिले.
कुणी देवाला, कुणी शेठला,
एकीने मेलेल्या पोराच्या नावाने, मनापासून.
शाई लागलीच नाही.
अंगठे सकाळपासून लालच होते.

झेलाबाईने तिचा अंगठा उन्हात धरून पाहिला.
मग माझं हजेरीबुक ओढलं,
आजच्या रकान्यात, स्वतःच्या नावापुढे टेकवला
आणि फावडं घेऊन उठली.
निम्मी पथारी उलटायची राहिली होती.

निघताना पोराने कागद मोजले,
आणि मोजल्या हातानेच डोळा चोळला.
ओरडला, आंधळ्यासारखा टेम्पो चाचपत राहिला.
फावडं टाकून पहिली तीच धावली, कळशी घेऊन,
‘चोयू नको रे भाऊ, चोयू नको.
डोया उघडा ठेव.’