गव्हाळ रंग येईपर्यंत

दिवसभर मी दातांच्या लॅबमध्ये
अनोळखी माणसांच्या दाढा घडवते.
रात्री दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर
एका जुन्या कानशीचे दात घासून काढते.
शुक्रवारी बाजारात चाळीस रुपयांना दोन मिळाल्या,
विकणारा म्हणाला, "बेन, जूनुं लोखंड छे, साचुं छे."

पहिली सुरी मी पाण्यात विझवली.
बादलीतून बारीकसा आवाज आला,
पैंजणातला एकच घुंगरू तुटावा तसा,
आणि पात्यावर केसाएवढी रेघ.
पात्याला पाणी पाजतात, हे लहानपणापासून ऐकलेलं.
त्याच शब्दानं मला बुडवलं.
दुसरी वाकली. ती आहे अजून,
तुळशीची माती उकरायला बरी पडते.

आज तिसरी.
सहा विटा, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा,
लेकीनं टाकून दिलेला हेअर ड्रायर.
याला अंधार लागतो,
दिव्याखाली सगळे लाल सारखेच दिसतात.
"हसमुखभाई, लाइट बंध करो ने!"
पलीकडच्या गच्चीवरचा बल्ब विझतो,
हसमुखभाई विझत नाहीत.
त्यांच्या बिडीचं टोक तेवढं दिसत राहतं,
माझ्या पात्यापेक्षा अजून दोन छटा पुढे.

आधी जांभळट. मग डाळिंबाचा दाणा.
मग पात्याच्या आतून एक सावली सरकते
धारेकडून पाठीकडे,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.
फुटक्या स्पीकरमधलं चुंबक
तारेला बांधून जवळ नेते.
ओढ आहे.
पुन्हा आगीत.
आहे, थोडी.
पुन्हा.
आता चुंबक नुसतं लोंबतंय,
लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखं.
अजून एक श्वास थांबते,

आणि तेलात.
चकलीच्या उंच डब्यात कोमट सिंगतेल,
टोक खाली, सरळ, आडवं अजिबात हलवायचं नाही.
भपकन जाळ. दहापर्यंत मोजते.
गल्लीभर तळणाचा वास.
अंधारातून आशेनं विचारणा होते,
"भजियां, बेन?"
"चप्पू."
बराच वेळ बिडी हलत नाही.

जोडीतली दुसरी कानस तिच्यावर चालवून पाहते.
घसरते. काचेवरून नख जावं तशी.
म्हणजे झालं, असं कुणालाही वाटेल.
मला नाही वाटत. माझ्या टेबलावर
सगळ्यात कडक असते ती चिनीमातीची कॅप,
आणि बदामावर तुटून परत येते तीही तीच.
हातातून निसटली तर ही सुरी
या लादीवर तीन तुकडे होईल.

म्हणून रात्री एक वाजता स्वयंपाकघरात
नानखटाईचा ओव्हन लावून बसले आहे.
पातं आधी घासून चकचकीत केलं,
नाहीतर रंग दिसायचा नाही.
ओव्हनचा काटा म्हणतो दोनशे,
आतला थर्मामीटर म्हणतो दोनशे अठ्ठावीस.
मी थर्मामीटरचं ऐकते, दार किलकिलं करते.
दोन तास. मग थंड. मग पुन्हा दोन तास.
आता घडवायचं काहीच नाही,
आगीनं जे जास्तीचं दिलं
त्यातलं थोडं तिच्याकडून परत घ्यायचं,
तेही न मागता, नुसतं शेजारी बसून.

साडेतीनला रंग येतो.
गव्हाळ.
लग्नाच्या जाहिरातीत लिहितात तो नव्हे,
भालिया गव्हाचा, मुठीत धरलेल्या.

सकाळी कठड्यावरून हसमुखभाई
न बोलता एक सुरण पुढे करतात.
हाताला खाज येईपर्यंत कापते, पातळ,
एकही चकती धारेला चिकटत नाही.
मग एक लिंबू. मग फोन येतो, पुसायचं राहतं.
परत येते तर पात्यावर निळसर डाग,
लिंबाच्या फोडीच्या आकाराचा.
घासून जाईल.
घासत नाही.
डबा घेते, साडेनऊला लॅब उघडायची आहे.