उवा म्हणजे द्राक्षं

पहिल्याच धड्यात गाढवाने विचारलं,
चित्रातल्या घडाला काय म्हणतात?
मोबाईलमधली बाई बोलली : ऊवा.
पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, सात नंबर टेबलावर,
अकरा बायका हसून लोळल्या.
बारा वर्षं झाली कात्री धरून,
आत्ता कळलं आपण उवाच निवडतोय,
असं पुंजाबाई म्हणाली
आणि टोपीखाली खरंच खाजवलं.

खेळ असा : गाढव डोंगर चढतं.
बरोबर शब्दाला एक पाऊल,
चुकलात की पाठीवरची गोणी गडगडत खाली.
पाच गोण्या संपल्या की सकाळपर्यंत उपास,
नाहीतर जाहिरात बघा.
तेजलचं म्हणणं, भारी आहे, बसमध्ये वेळ जातो.
शमीम आपाचं म्हणणं, मला 'हत्ती दूध पितो' येतं,
'पेटी ओली आहे' येत नाही,
मी काय हत्ती भरते कंटेनरात?
पुंजाबाईने तिसऱ्या दिवशी काढून टाकलं.
रात्री दहाला हाका मारतं म्हणाली,
घरात एक आहे तेवढं पुरे.

माझं भांडण निराळं.
त्यांच्यात तो आणि ती, दोनच.
चमचा ती. रस्ता ती.
नदी मात्र तो, म्हणजे आमची कादवा
तिकडे गेली की बाप्या.
मग ते कुठे गेलं?
ते मूल, ते वासरू, ते पाखरू,
कुणाच्या ओटीत घातलं?
अगं, ते गाढवसुद्धा तिकडे तो आहे.
त्याला विचारायची सोय नाही,
फक्त चार पर्याय असतात.

आणि विसाव्या धड्यात आला : पगार.
पैसे देणे.
मी पर्याय वाचलेच नाहीत.
दर सात तारखेला जो शब्द दारात उभा राहून बघितला
तो कोणी शिकवतं का?
टेबलावर सांगितलं तर आपा म्हणाली,
तिकडेही उशिरा होतो का, तेवढं विचार.

खरं कारण कोणाला सांगितलं नाही.
जानेवारीत चिलीहून एक माणूस आलेला,
ओस्वाल्दो, थंडीने कान लाल झालेले.
माझ्यापाशी थांबला.
मी थॉमसनच्या घडातला सडका मणी
शेजारच्याला धक्का न लावता काढत होते.
तो बोलला. मिनिटभर.
दुभाषा पोरगा म्हणाला, ठीक आहे म्हणतात.
एवढ्या मोठ्या बोलण्याचं
एवढंसं ठीक?
अख्खं क्रेट ओतावं
आणि पनेटमध्ये पाच मणी पडावेत तसं.
त्यातलं मला एकच ऐकू आलं : मान.
मानो, मानोस, असं काहीतरी.
घरी जाऊन आरशात मान बघितली.
मग वाटलं, दुसरा मान असेल.
तो कधी कोणी दिला नव्हता,
म्हणून ठेवून घेतला.

मधे चार महिने मोबाईलची काच फुटलेली.
दिवाळीनंतर, निफाडकडून गार वारा सुटलेला,
गोधडीत मी आणि गाढव.
त्याने दोन तळवे दाखवले.
मानोस.
हात.
मी 'तो' दाबलं, गोणी गेली.
हात तिकडे ती.
गोणीचं काही वाटलं नाही.

आता अर्धं कळलंय.
माझ्या हातांबद्दल बोलला तो.
चांगले आहेत म्हणाला,
की हातमोजा कुठे आहे म्हणाला?
त्या दिवशी उजवा फाटला होता,
काढून खिशात कोंबलेला.

पडद्यावर पट्टी आली आहे : तारे द्या.
चार दिले.
पाचव्याचं बघू.
यंदा तो येणार का, सुपरवायझरलाही पक्कं माहीत नाही.
आपाला विचारलं तर म्हणते दोन दे, हत्तीचे कापून.
पुढचा धडा हवामानाचा आहे.
तिकडे थंडी 'असते' नाही म्हणत,
थंडी 'करते' म्हणतात.
कोण करतं, ते लिहिलेलं नाही.