पावणेतीन पायऱ्या

खरेदीखताच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलंय:
या इमारतीत जे जे सामाईक,
त्यातले सोळा पूर्णांक दोन दशांश टक्के माझे.
म्हणजे छपराचा एक कोपरा, कुठला ते लिहिलेलं नाही,
तळघरातल्या पंपाचा थोडा खोकला,
आणि बाहेरच्या लोखंडी गोल जिन्याच्या
सतरांपैकी पावणेतीन पायऱ्या.

मॉन्ट्रियलच्या आमच्या गल्लीत जिने घराबाहेर असतात.
आतली जागा वाचते म्हणतात.
मला वाटतं, शेजाऱ्याने शेजाऱ्याला
घसरताना बघावं म्हणून.

घरं सहा, मतं सात,
कारण तिसऱ्या मजल्यावरच्या मार्गेरित बाई
स्वतःशीही सहमत नसतात.
ओस्वाल्दो रात्रपाळीवरून येतो,
त्याला सकाळी फावड्याचा आवाज नको.
त्याच्या खाली मिरलांद.
तिच्या न्हाणीघराच्या छतावर एक डाग,
आधी नाण्याएवढा, मग बशीएवढा,
आता, ती म्हणते, हुबेहूब हैतीचा नकाशा, बंदरांसकट.
या डागाचं भिजत घोंगडं चौथ्या वर्षात आहे.
तेसिए नवरा-बायको नोव्हेंबरातच फ्लोरिडाला जातात
आणि तिथल्या उन्हात बसून
उंटावरून शेळ्या हाकतात:
मीठ जपून टाका. लोखंड गंजतं.

यंदा खजिनदार मी.
खजिना: चारशे बारा डॉलर आणि एक फावडं.
फावड्याचा दांडा मोडलाय.
कोणी मोडला ते सहाही घरांना पक्कं माहीत आहे,
नावं तेवढी सहा वेगवेगळी.

आणि वारुझान.
चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस,
जिन्याच्या हलत्या कठड्याला कान लावायचा,
म्हणायचा, अजून वीस वर्षं. सहज.
नवा कठडा तीनदा ठरावाला आला,
तीनदा त्याने पाडला.

जानेवारीत पाऊस पडता पडता गोठला.
जिना काचेचा झाला.
मार्गेरित बाईंचं चुकीच्या पेटीत पडलेलं वीजबिल
द्यायला तो वर गेला,
किंवा भांडायला गेला,
दोघं अजून वेगवेगळं सांगतात.
अकरावी पायरी.
आवाज असा की ओस्वाल्दो झोपेतून उठून अनवाणी आला.
रुग्णवाहिका येईपर्यंत
मिरलांदने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं,
त्याच डोक्याने तिच्या डागाला
‘ही वाफ आहे, गळती नाही’ म्हटलं होतं.
ती काही बोलली नाही.
नंतर बोलली. भरपूर बोलली.

फेब्रुवारीत माझ्या स्वयंपाकघरात बैठक.
विषय एकच. कठडा.
जबाबदारी आली की हात वर करणारे
मी आयुष्यात पुष्कळ बघितले,
पण मोडलेला हात, कोपरापर्यंत प्लास्टर,
तोच, दुसऱ्या हाताचा टेकू देऊन
विरोधात वर करणारा हा पहिलाच.
तेसिएंनी फोनवरून विरोध केला.
मार्गेरित बाईंनी आधी होकार, मग नकार.
तीन विरुद्ध तीन.
वहीची पानं संपली होती,
म्हणून बाईंनी निकाल त्याच्या प्लास्टरवरच लिहिला:
नामंजूर.
खाली सगळ्यांनी सह्या केल्या.
त्यानेही, डाव्या हाताने, वेड्यावाकड्या आर्मेनियन अक्षरांत.

मग कोणी उठेना.
ओस्वाल्दोने केक कापला,
मिरलांदने वारुझानचा तुकडा बारीक करून दिला,
जरा जास्तच बारीक, लहान मुलाला देतात तसा.

रात्री पुन्हा बर्फाची भुरभुर.
पोतं घेऊन मी बाहेर आले.
खालून मोजत मीठ टाकलं: एक, दोन,
तिसरीच्या तीन चतुर्थांशावर थांबले.
खरंच थांबले.
वरच्या खिडकीतून मार्गेरित बाई बघत होत्या,
दिवा न लावता.

अकरावीवर दोन मुठी जास्त पडल्या.

उरलेल्या सव्वाचौदा पायऱ्यांचं मीठ
कोणाच्या नावावर टाकायचं,
ते मार्चच्या बैठकीत बघू.