दुसरी वेलांटी

मे महिना. सकाळचे नऊ, ऊन आधीच पांढरं.
पपा रिक्षातून उतरले, डोक्याला ओला दुपट्टा,
आणि जरीपटक्याच्या कब्रस्तानाबाहेर
रमजानभाईंच्या टपरीत जाऊन म्हणाले,
‘बायकोच्या दगडावर वेलांटी चुकली तुमची.
सात वर्षं झाली. तबिथातला बि पहिला.
तुम्ही दुसरी वेलांटी दिली.
उठेल तेव्हा मलाच बोलेल.’

रमजानभाईंनी छिन्नी ठेवली, माठातलं पाणी दिलं.
दगडावरचं पुसता येत नाही, म्हणाले,
फक्त वाढवता येतं.
मग नवा दगड ठरला. दोघांची नावं एकदमच,
तेवढेच दोनशे रुपये कमी.
जन्मतारीख, आडवी रेघ.
‘आणि पुढची तारीख?’
‘ती वरच्या ऑफिसातून यायची आहे.
फाइल सरकली म्हणतात.’
दोघं म्हातारे हसले.
मी रस्त्याकडे बघत राहिले.

फाइल निळी होती, माझ्याच पिशवीत होती.
तिसऱ्या केमोला ते नाही म्हणाले होते.
चाळीस वर्षं मिशन हॉस्पिटलात ड्रेसर;
जखमेच्या वासावरून सांगायचे, कोण घरी जाईल.
स्वतःचाही ओळखला असणार.

परतताना त्यांना तर्री-पोहे हवे झाले.
‘डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, पपा.’
‘कधीपर्यंत, ते नाही सांगितलं.’
सदरच्या कोपऱ्यावर, उभ्यानंच,
नाकातून पाणी, कपाळावर घाम,
आणि घास तोंडात असताना उपदेश:
‘थडग्यातून उठलेला प्रभू शिष्यांकडे काय मागतो वं?
खायला.
भाजलेला मासा खाल्ला त्यानं, सगळ्यांसमोर.
मग एका पहाटे तळ्याकाठी स्वतःच विस्तव केला.
हाताला भोकं, आणि काळजी कशाची,
पोरं रात्रभर उपाशी आहेत याची.
त्याला हे शरीर आवडते, बापा. जीभसुद्धा.
तू रडून काहून राह्यली?
थोडी तर्री अजून टाक गा.’

हे झालं सकाळचं. रात्रीचंही लिहायला हवं.
कूलरची मोटर जळाली त्या रात्री
तीन वाजता ते पलंगाच्या काठावर बसलेले.
‘पर्सिस, भीती वाटते.’
शास्त्रातलं काही आठवून पाहिलं,
जिभेवर आलं नाही.
खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर मी पाणी मारलं
आणि परत मारलं.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
‘मरणाची नाही. पलीकडे तो आहे.
मधला रस्ता खराब आहे,
आपल्या गल्लीसारखा, पाइपलाइन टाकल्यापासून.’
आणि खोकत खोकत हसले.
मी त्यांचा हात धरला नाही. बादली धरून उभी होते.

जूनमध्ये त्यांनी नवी पँट शिवायला टाकली.
शिंप्याला म्हणाले, कंबर सैल ठेव,
मी पुन्हा भरणार आहे.

जुलैत आम्ही त्यांना तीच घातली.

आज ईस्टर. पहाटे साडेचारला
सगळ्या थडग्यांवर मेणबत्त्या, डासांची अगरबत्ती,
कुणाचं तरी बाळ रडतंय.
पाळक म्हणतात, तो उठला आहे.
सगळ्यांच्या आवाजात मी माझा मिसळते.
माझी आशा पपांच्या पँटसारखी:
कमरेला सैल.
भरायची आहे मी अजून तिच्यात.

लोक पांगल्यावर डबा उघडला,
थर्मासातली तर्री ओतली,
दगडाच्या काठावर बसून खाल्लं, नाक पुसत.
एक थेंब पांढऱ्या संगमरवरावर पडला.
बोटानं निपटायला गेले
तर बोटाला खाच लागली.
तबिथा बरोबर आहे.
नथनिएलच्या नि ला
दुसरी वेलांटी.

राहू दे.
उठतील तेव्हा बोलतील.