सांडव्यावरून गेलेलं पाणी

शिंगाडे काढायला झिबल मारबते
छातीभर पाण्यात उतरतो, आणि
दर कार्तिकात एकदा तरी म्हणतो,
"मॅडम, वरचा पानी कोमट, खालचा थंडा.
पायाले एक ऋतू, बरगड्याईले दुसरा."

मी काठावरच. शाळेचं पर्जन्यमापक माझ्याकडे.
सकाळी साडेआठला मोजपात्राला डोळा लावून
वहीत आकडा टाकायचा, एवढंच माझं हवामानशास्त्र.
पाच दिवस शून्य.
बांध्यांमध्ये धानाच्या कडपा पसरलेल्या,
आभाळ घासून पालथ्या घातलेल्या गंजासारखं.

पण तिकडे, पाचशे-सहाशे किलोमीटरवर,
उपसागराचं पाणी एकोणतीसवर आहे.
आंघोळीला कुणी कोमट म्हणणार नाही असं एकोणतीस.
वादळाला सव्वीस-सत्तावीसही पुरतात.
वाफ चढते, उंचावर पुन्हा थेंब होते,
थेंब होताना नेलेली ऊब सोडून देते.
तीच त्याची भाकर.
पण जेवता जेवता ते समुद्र घुसळतं,
तळचं गार पाणी वर आणतं,
आपल्याच अन्नात माती कालवतं.

"मंग तिथंच मरत काऊन नाई?"

मी सांडव्याकडे बोट दाखवलं.
भादव्यात इथून जे सांडलं
ते नाल्याने चुलबंदीत, चुलबंदीतून वैनगंगेत,
मग प्राणहिता, मग गोदावरी.
गोडं पाणी हलकं. खाऱ्यावर ते सायीसारखं धरतं
आणि खालचा गारवा वर येऊ देत नाही.

झिबल काही बोलला नाही.
टोपल्यातला एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला.
"म्हनजे आपलाच पानी."
"चिमूटभर. कितीतरी नद्या आहेत."
"तरी पन."

गुरुवारी रात्री ते आलं.
वारा वाटेतच सांडून, नाव किनाऱ्यावर टाकून,
नुसतं पाणी. कौलांवर, कडपांवर,
शाळेच्या पितळी घंटेवर.
शुक्रवारी साडेआठला: बेचाळीस पूर्णांक सहा.
कडपा तरंगत होत्या. कुणी ओरडलं नाही,
सगळे विळे घेऊन पाट फोडायला गेले.

झिबल तळ्यातून हाक मारत होता,
"आज उलटा झाला मॅडम!
पायाले ऊब, छातीले थंडा!"

मी मोजपात्र हातात धरून कुंपणाशी उभी.
मोजून झालेलं पाणी ओतायचं कुठे,
इतक्या वर्षांत हा प्रश्न
पडलाच नव्हता.